गाडी सुस्थितीत आहे, बाहेर काढू नये

तारिनाख गावात हिवाळ्यात गाडी बंद करायची पद्धत नाही. ऑक्टोबरात सुरू केलेलं इंजिन एप्रिलात बंद करायचं. मधल्या काळात मालक जेवो, झोपो, लग्न करो, गाडी आपली दारात घुरघुरत उभी. याकुतियाच्या थंडीत बंद पडलेली गाडी आणि मेलेली गाय यांत फरक एवढाच, की गाय निदान खाता येते. त्यामुळे 'उभ्या सरकारी वाहनांची इंजिने इंधनबचतीसाठी बंद ठेवावीत' असा आदेश राजधानीतून आला, तेव्हा तो उन्हाळ्यात निघाला असणार असं गावाने ठरवलं. तो उन्हाळ्यातच निघाला होता. पोचायला हिवाळा लागला.

आदेशासोबत रेडिएटरमध्ये भरायच्या निळ्या कूलंटची पिंपं आली. उणे पासष्टपर्यंत हे गोठत नाही, असं पिंपावर छापलेलं होतं. ती ताब्यात घेतली स्पिरिदोन नेउस्त्रोयेवने. स्पिरिदोन हा गावच्या कारभार कचेरीचा वाहतूक प्रमुख. वाहतूक म्हणजे पावाच्या लादीच्या आकाराची एक करडी रुग्णवाहिका, आणि प्रमुख म्हणजे तिच्या चालकावर, येगोरवर, ओरडणारा माणूस. वाटीभर कूलंट रात्री खिडकीबाहेर ठेवून बघावं, असं स्पिरिदोनच्या मनात आलं होतं. पण त्याच्या बढतीचा कागद वरच्या कचेरीत फिरत होता, आणि असा कागद फिरत असताना शहाणा माणूस खिडकी उघडत नाही. त्याने 'माल उत्तम' म्हणून सही केली, जुनं कूलंट काढायला लावलं, नवं भरायला लावलं आणि आदेशाप्रमाणे इंजिन बंद करवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येगोर कचेरीत आला. भुवयांवर बर्फ, हातात चमचा.

"साहेब, गोठलं."

"काय गोठलं?"

"कूलंट. चमच्याने खाता येईल असं झालंय. हा बघा चमचा."

"ते गोठू शकत नाही, येगोर. उणे पासष्टपर्यंत गॅरंटी आहे. आज फक्त उणे एक्कावन्न आहे."

"मग ते त्याला समजावा तुम्ही. माझं ऐकत नाही."

एरवी स्पिरिदोनने त्याला हाकलून दिलं असतं. पण घरी लेक होती, तुयारा. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, त्यात बाळ आडवं असल्याचं सुईणीने सांगितलेलं. प्रसूतीचं इस्पितळ नदीपलीकडे जिल्ह्याच्या गावी, गोठलेल्या नदीवरच्या वाटेने काही तासांवर.

"अहो," बायको अकुलिना चहा ओतताना म्हणाली, "पोरीला कळा लागल्यावर काय तुमच्या सहीवर बसवून नेणार आहात का?"

म्हणून स्पिरिदोनने जिल्ह्याला कळवलं. 'गोठलं' असं लिहिणं म्हणजे स्वतःची सही खोटी ठरवणं, तेव्हा त्याने लिहिलं, 'कूलंट अपेक्षित प्रमाणात वाहत नाही.' जिल्ह्याने ही बाब अत्यंत गांभीर्याने घेतली. म्हणजे नवं कूलंट पाठवलं नाही, समिती पाठवली.

पाहुणे येणार म्हटल्यावर गावाने जे करायचं ते केलं. रुग्णवाहिका ओढत नेऊन अग्निशमन दलाच्या गरम गॅरेजात ठेवली, धुतली, पुसली, काचांवरचं बर्फ खरवडलं. घरची इज्जत थंडीत कुडकुडत उभी ठेवायची नाही, हा तिथला रिवाजच आहे. समितीचे अध्यक्ष विनोकुरोवसाहेब आले तोवर गाडी आरामात ऊब घेत होती.

साहेबांनी रेडिएटरचं झाकण उघडलं, आत काडी घातली, हलवली. निळं पाणी छान डुचमळलं.

"नेउस्त्रोयेव, यात गोठलेलं काय आहे?"

"साहेब, इथे गरम आहे. बाहेर नेलं की..."

"म्हणजे दोष कूलंटचा नाही. बाहेरचा आहे."

"हो, म्हणजे... बाहेरचाच म्हणायचा."

"आणि 'बाहेर' ही बाब आपल्या विभागाकडे येत नाही." साहेबांनी कोटाच्या आत हात घालून छातीशी ऊबदार ठेवलेलं पेन काढलं. त्या भागात सगळेच पेन छातीशी ठेवतात, नाहीतर शाई थिजते. त्यांनी निष्कर्ष लिहिला: 'गाडी पूर्णपणे सुस्थितीत आहे. मात्र बाहेर काढू नये.'

येगोर मागून पुटपुटला, "बघा, मासळी ताजी आहे, फक्त पाण्यात सोडू नका."

"काय म्हणाला हा?"

"निष्कर्ष आवडला म्हणतोय, साहेब," स्पिरिदोन म्हणाला आणि खाली सही केली.

मग स्पिरिदोनच्या घरी जेवण झालं. गोठवलेल्या माशाचे पातळ काप, घोड्याचं मांस, सायीचं लोणी. जेवण चाललं तोवर समितीची गाडी दारात घुरघुरत होती. इंधनबचतीच्या आदेशाचं येगोरने विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, "आदेश उभ्या गाड्यांना आहे. आमची दौऱ्यावर आहे." पण ते टोचलं असावं. शिवाय अहवालाला एखादा फोटो हवाच होता. साहेबांनी स्वतःच्या गाडीतलं कूलंट काढायला लावलं, पिंपातलं निळं भरायला लावलं आणि हसत फोटो काढून घेतला. समिती निघाली. तिची गाडी वळणाआड गेली आणि तुयाराला कळा सुरू झाल्या.

स्पिरिदोनने इस्पितळाला फोन लावला. "रुग्णवाहिका पाठवा. बाळंतपण आहे, अडलेलं आहे."

"तुमच्या गावात सुस्थितीतली गाडी आहे," पलीकडची बाई म्हणाली. "विनोकुरोवसाहेबांनी आत्ताच वाटेतून कळवलं. तुमचीही सही आहे म्हणे."

"अहो बाई, ती बाहेर काढायची नाहीये!"

"मग पेशंटला आत न्या."

नेलं. दुसरं काय करणार? तुयाराला गॅरेजात नेऊन रुग्णवाहिकेत झोपवलं. अकुलिनाने तिचा हात धरला, येगोर स्टीअरिंगपाशी बसला, इंजिन एका दमात सुरू झालं. सगळं नियमाप्रमाणे होतं. फक्त गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"बाबा," तुयारा दात आवळत म्हणाली, "ही गाडी कुठे जाणार आहे का? की मी इथेच नियमात बसून मरू?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत स्पिरिदोनने पहिल्यांदाच सहीविरुद्ध तोंड उघडलं. "येगोर, काढ बाहेर!"

गाडी नदीपर्यंत झकास गेली. नदीवर मोकळा वारा होता. मधोमध पोचेपर्यंत रेडिएटर पुढून थिजला आणि मागे इंजिन उकळायला लागलं. वाफेचा लोट उठला आणि गाडी थांबली. समोर आणखी एक गाडी तशीच वाफाळत उभी होती. तिच्याभोवती विनोकुरोवसाहेब पाय आपटत फिरत होते.

वाटेत थांबलेल्या माणसाला टाकून तिथे कोणी जात नाही, आणि इथे तर जाणं कोणाच्याच हातात नव्हतं. लाकडं पेटवून परातीत निखारे केले, रुग्णवाहिकेच्या पोटाखाली सरकवले, वरून गोधड्या टाकल्या. परात अध्यक्षांनी धरली. अकुलिनाने खिशातल्या घावनाचा तुकडा मोडून रिवाजाप्रमाणे आगीला घास दिला. "बाई, तू तरी ऐक," ती आगीला म्हणाली. "बाकीच्यांना सांगून झालं."

आत तुयारा किंचाळली.

"साहेब," स्पिरिदोन म्हणाला, "गोठलंय ना?"

"गोठलंय बाबा! दगड झालाय दगड!"

"लिहून देता?"

साहेबांनी या वेळी कोटाच्या बाहेरच्या खिशातून पेन काढलं. कागदावर दोन-तीनदा ओढलं. नुसते ओरखडे उठले. "पेन गोठलंय," ते म्हणाले, आणि परात पुन्हा उचलली.

तेवढ्यात प्रोकोपीकाकाचा ट्रक आला. हा म्हातारा नदीतून पिण्याच्या बर्फाच्या लाद्या कापून गावोगाव पोचवतो. त्याचा ट्रक ऑक्टोबरपासून बंद झालेला नव्हता, कारण त्याला कोणी आदेश पाठवला नव्हता. त्याने दोन्ही गाड्यांकडे पाहिलं.

"काय रे स्पिरिदोन, माझ्या धंद्यात उतरलास की काय? मी बर्फ मागे भरतो, तुम्ही पुढे भरलाय, एवढाच फरक."

"काका, पोर अडलीय."

म्हाताऱ्याची थट्टा तिथेच थांबली. तुयाराला गोधडीसकट उचलून त्याच्या केबिनमध्ये ठेवलं, शेजारी अकुलिना बसली. विनोकुरोवसाहेबही दाराशी आले. "मी समितीचा अध्यक्ष आहे."

"तुमचे दिवस भरलेत का?" काकाने विचारलं. "नाही ना? मग बसा मागे, लाद्यांवर."

साहेब लाद्यांवर बसले. स्पिरिदोन येगोरबरोबर नदीवरच थांबला आणि ट्रकचा दिवा दिसेनासा होईपर्यंत रडला. पापण्या चिकटल्या. रात्री शेकोटीपाशीच फोनवर निरोप आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्याने येगोरसमोर आगीची शपथ घेतली, आता सगळं खरं लिहीन.

पंधरवड्याने अहवाल आला. 'नवीन कूलंटची दोन वाहनांवर नदीवरील प्रत्यक्ष परिस्थितीत चाचणी घेण्यात आली. रुग्ण इस्पितळात वेळेत पोचली. उद्दिष्ट साध्य.' सोबत आणखी पिंपं होती, स्पिरिदोनची बढती होती, आणि 'सेवा समाधानकारक' असा एक कागद, गावकऱ्यांच्या सह्यांसाठी. सह्या न झाल्यास रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला देण्यात येईल.

गाव गॅरेजात जमलं.

"गाडी गेली तर?" शेजारची पेलागेया म्हणाली. तिला सातवा महिना होता.

"कुठे गेली तर?" तुयारा म्हणाली. "भिंतीपलीकडे?" बाळाला अंगाशी धरून ती बापाकडे बघत राहिली. "बाबा, तुम्ही शपथ घेतली होती."

"घेतली होती," स्पिरिदोन म्हणाला. "बाहेर घेतली होती, पोरी."

त्याने पहिली सही केली. मग येगोरने, नोकरी होती. मग प्रोकोपीकाकाने, त्याच्या ट्रकवर आदेश येऊ नये म्हणून. मग पेलागेयाने, पोटावर कागद ठेवून. शेवटी तुयारानेही केली, सगळे थांबले होते म्हणून. बाहेर उणे पन्नासच्या खाली होतं, तरी एकाचंही पेन अडलं नाही. प्रत्येकाने घरून निघतानाच ते कोटाच्या आत, छातीशी धरून आणलं होतं.

कागदावर खाली अजून जागा आहे. तुम्ही मगापासून हसताय, पण तुमचं पेन कुठे आहे ते बघा. वरच्या खिशात ना? छातीशी?