ई-जीवनसत्त्व

कंधार तालुक्यातील एका गावात श्रीमंतराव यांच्या कोकराने सकाळी उभे राहण्यास नकार दिला. कोकराचे वय जेमतेम तीन आठवडे, रंग पांढरा, नाव बत्ताशा. मागचे पाय ताठ झाले होते. भूक होती, पण आईच्या सडापर्यंत तोंड पोचत नव्हते. श्रीमंतरावांच्या पत्नी कस्तुराबाई त्याला पोटाखाली हात घालून उचलत, मेंढीखाली धरत, तेव्हा कुठे चार घोट पोटात जात.

जनावरांच्या दवाखान्यातल्या मालविका डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले. "अंगात सेलेनियम कमी पडलंय आणि व्हिटॅमिन ई पण. त्यानं पायातला जोर जातो. दोन्हीचं मिळून एकच इंजेक्शन येतं. आमच्याकडचं संपलंय. कंधारच्या दुकानात मिळेल, आजच आणा, मी टोचते. उशीर केला तर काळजावर जाईल."

"योजनेत हाय का?" श्रीमंतरावांनी विचारले.

"आहे, पण मंजूर होऊन यायला..."

पुढचे श्रीमंतरावांनी ऐकलेच नाही. त्यांची जमीन बागायती, मोटारसायकल नवी आणि फोन तिच्याहून नवा. पण फुकट मिळणारी वस्तू विकत घेणे हा सरकारचा अपमान आहे, असे त्यांचे प्रामाणिक मत होते.

"इकत आणा की," कस्तुराबाई म्हणाल्या. "लेकरू हाय ते."

"अगं, लाभार्थी होऊन राहिलंय ते! जरा दम धर."

तालुक्याच्या पशुसंवर्धन कचेरीतले रेणुकादास साहेब मोठे अभ्यासू. त्यांनी अर्ज आणि सोबतची डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली आणि श्रीमंतरावांना बसायला खुर्ची दिली. त्यावरूनच प्रकरण गंभीर असल्याचे कळले.

"सेलेनियम म्हणजे काय?"

"औषध हाय साहेब."

"खनिज आहे," साहेब म्हणाले. "आणि डॉक्टरांनीच लिहिलंय, अगदी किंचित लागतं. म्हणजे गौण खनिज. वाळू, मुरूम, सेलेनियम. हा विषय तहसीलचा. आम्ही परस्पर खनिज वाटलं, तर उद्या आमच्यावरच गुन्हा."

"आन् दुसरं?"

साहेबांचा चेहरा उजळला. "जीवनसत्त्व ई! हे मात्र आपलं. जशी ई-पीक पाहणी, तसं ई-जीवनसत्त्व. सगळं ऑनलाइन. बाटली नाही, सुई नाही. एकदम पारदर्शक."

श्रीमंतरावांना भरून आले. सरकार एवढे पुढे गेले आणि आपले कोकरू अजून जमिनीवरच पडून आहे, याची त्यांना लाज वाटली.

तहसीलने वेळ दवडला नाही. दुसऱ्याच दिवशी तलाठी महादेवप्पा पंच घेऊन गोठ्यात हजर झाले. मालविका डॉक्टरांची चिठ्ठी वाचून त्यांनी पंचनामा केला: सदर कोकराच्या अंगी सेलेनियमचा साठा निरंक. सबब अवैध साठवणूक झाल्याचे दिसून येत नाही.

"निरंक हाय म्हणूनच तर मरून राहिलंय ते!" कस्तुराबाई कडाडल्या.

"मावशी, निरंक चांगलं असतं," महादेवप्पांनी समजूत घातली. "साठा घावला असता तर कोकरू जप्त करावं लागलं असतं."

राहिले ई. त्यासाठी लाभार्थी समक्ष हवा होता, म्हणून बत्ताशाला कस्तुराबाईंच्या मांडीवर घालून मोटारसायकल कंधारच्या सेवा केंद्रावर गेली. यंत्राने लाभार्थ्याचा अंगठा मागितला. बत्ताशाला खूर होते. बराच खल होऊन पालक या नात्याने श्रीमंतरावांचा अंगठा घेण्यात आला. शेजारीच औषधाचे दुकान होते आणि ती बाटली काचेआड दिसत होती.

"घ्या की हो," कस्तुराबाईंनी हात जोडले. "मान टाकून राहिलंय."

"इकत घेतलं तर नाव कटतंय, खुळे!"

संदेश आला तो घरी पोचल्यावर. 'अभिनंदन! आपल्या कोकरास ई-जीवनसत्त्व यशस्वीरीत्या वितरित करण्यात आले आहे.' श्रीमंतरावांनी मोबाइल कोकराच्या तोंडापुढे धरला. बत्ताशा भुकेला होता. त्याने काच चाटली.

"लागू पडून राहिलंय!" श्रीमंतराव ओरडले.

एवढ्यात साहेबांचा फोन आला. तालुक्यातले हे पहिलेच ई-कोकरू असल्याने उभ्या अवस्थेतला फोटो तातडीने हवा होता. कस्तुराबाईंनी पोटाखाली हात घालून बत्ताशाला उभे केले. श्रीमंतरावांनी फोटो काढला, त्यातून बायकोचे हात कापले आणि पाठवून दिला. साहेबांनी वर 'सुदृढ कोकरू, समृद्ध मराठवाडा' असे लिहून तो पुढे ढकलला. कंधारहून बिलोली, बिलोलीहून निलंगा, मोबाइलवरच्या गटागटांवर बत्ताशा ताठ उभा राहिला. अंगठ्यांचा पाऊस पडू लागला.

"सोड आता. झाला फोटो," श्रीमंतराव म्हणाले.

कस्तुराबाईंनी हात सोडले नाहीत. तळहाताखाली इतका वेळ धडधडणारे ते चिमूटभर काळीज थांबले होते. त्या रडू लागल्या. मेंढी येऊन पिलाला हुंगू लागली. श्रीमंतरावांनाही गलबलून आले, पण हातातला फोन सारखा वाजत होता.

"येवढा गाव," कस्तुराबाई म्हणाल्या, "कुणी बघाया तरी आलं का?"

"अगं, शेकड्यानं लोकांनी अंगठा दाखवलाय!"

"हाव," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "त्यो तर तुम्ही बी दाखवला. यंत्रावर."

श्रीमंतरावांनी फोन खिशात घातला आणि ते फावडे शोधायला गेले. फोटो अजून फिरतो आहे. तुमच्याही गटावर आला असेल. पांढरेशुभ्र कोकरू, ताठ पाय. नीट पाहिलेत तर पोटाखाली दोन बोटे कापायची राहून गेलेली दिसतात. पण तुम्ही नीट पाहिले नसेल. अंगठा दाखवायच्या घाईत होतात.