मांडीवरचा खल

कुणी सांत्वन केलं तर पुढच्याच बोटीनं परत, या एका अटीवर इल्वाबाई घराबाहेर पडायला तयार झाल्या.

"बोटीवर आपल्याला कोण ओळखतंय, आई?" लिव्हिया म्हणाली. तेवढं एकच आश्वासन तिच्यापाशी होतं.

बाबा हिवाळ्यात गेले. त्यानंतर जिन्यात, बेकरीत, चर्चच्या दारात, जो तो इल्वाबाईंचा हात हातात घेऊन मान हलवू लागला. शेवटी त्यांनी दार उघडणं सोडलं आणि नवऱ्याचं नाव घेणंही. पण आज संत योहानाचा सण होता, म्हणजे त्या संताचं नाव लावणाऱ्या बाबांचा, बाचिच्चाचा, नामदिवस. दर वर्षी या दिवशी सान फ्रुत्तुओसोला आत्याकडे जेवण असे आणि पेस्तो, म्हणजे बेसिलची चटणी, इल्वाबाईंच्या हातची असे. आत्याकडे मिक्सर होता. बेसिलच्या पानांवर लोखंडी पातं फिरवणं इल्वाबाईंच्या लेखी खुनाच्या जवळपास जाई. म्हणून संगमरवरी खल जिनोआहून दर वर्षी बोटीनं जाई, बाबांच्या खांद्यावरून. या वर्षी तो लिव्हियाच्या खांद्यावर आला, आणि बाबा वाटेत इतक्यांदा का थांबत, ते तिला धक्क्यावर पोचण्याआधीच कळलं.

टवके उडू नयेत म्हणून आईनं तो काळ्या शालीत गुंडाळला होता. बेसिलची मुळांसकट जुडी पांढऱ्या कागदात होती.

बोटीवरचा खलाशी सामान पुढे रचत होता. त्यानं हात पुढे करताच इल्वाबाईंनी मांडीवरचं गाठोडं दोन्ही हातांनी कवटाळलं.

"राहू दे. ती नाही सोडायची," लिव्हिया हळूच म्हणाली.

खलाशानं काळा पोशाख पाहिला, काळी शाल पाहिली, पांढऱ्या कागदातली जुडी पाहिली, वाऱ्यानं लाल झालेले लिव्हियाचे डोळे पाहिले. छातीवर क्रूसाची खूण करून तो पाय न वाजवता निघून गेला.

मग एका जोडप्यानं उठून सावलीतलं बाक दिलं. एका गृहस्थानं मोबाईलवरचं गाणं बंद केलं. पलीकडच्या बाईनं आपल्या मुलांना दटावून गप्प बसवलं. आज लोक फारच सभ्य वागताहेत, असं लिव्हियाला वाटलं. जिनोआच्या माणसानं उगाच सावली सोडली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे खरं तर तिला तेव्हाच कळायला हवं होतं. समोरच्या म्हातारीनं जपमाळ काढून ओठ हलवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. सगळी बोट त्या गाठोड्याला अस्थिकलश समजून बसली होती.

खुलासा करावा, तर आईला कळणार की सगळे तिची कीव करताहेत. मग पुढची बोट, बंद दार आणि आत्याच्या टेबलाशी आता दोन रिकाम्या खुर्च्या. लिव्हिया गप्प राहिली. तिथेच चुकलं.

खाडीच्या तोंडाशी, समुद्राच्या तळावर येशूचा पुतळा हात उंचावून उभा आहे. दर्यात बुडालेल्यांसाठी लोक तिथे फुलं सोडतात. नेमकं तिथे इंजिन थांबलं. कप्तान टोपी काढून खाली आला. प्रवासी उभे राहिले.

"बाई," तो म्हणाला, "घाई करू नका. तुम्ही सांगाल तेव्हा भोंगा देतो. याला परवाना लागतो म्हणतात. पण मी आत्ता डोंगराकडे बघतोय."

आणि तो खरंच डोंगराकडे बघू लागला.

इल्वाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग उभ्या असलेल्या सगळ्यांकडे, मग मांडीकडे. लिव्हियानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आई शालीची गाठ सोडत होती. आतून चार कानांचा पांढरा खल निघाला आणि खलातून बत्ता, जाडं मीठ, चिलगोजे, चीजचा तुकडा आणि लसणाचा गड्डा.

मग जपमाळवाली म्हातारी पुढे वाकली.

"नुसतं पार्मेझान चीज? मेंढीच्या दुधाचं नाही?"

"आहे. खाली आहे," इल्वाबाई म्हणाल्या.

"आणि एवढा लसूण?"

कप्तानानं टोपी डोक्यावर ठेवली. "लसूण घालूच नये. आमच्या आईनं कधी घातला नाही."

इल्वाबाई उभ्या राहिल्या. "म्हणजे तुम्ही शेजाऱ्यांकडे जेवून मोठे झालात. आमचा बाचिच्चा म्हणायचा, लसणाशिवाय पेस्तो वाढणाऱ्याकडे मुलगी देऊ नये."

ते नाव ऐकून लिव्हिया कठड्याकडे तोंड करून उभी राहिली. वारा आता तसा पडला होता.

तिच्या पाठीमागे बोटीचे दोन तट पडले. गाणं बंद करणारे गृहस्थ लसणाच्या बाजूनं होते, त्यांची बायको कप्तानाच्या. बोट तशीच पाण्यावर झुलत होती. अखेर खलाशानं मागून येणारी बोट दाखवली, तेव्हा कप्तान भानावर आला.

"थांबलोच आहोत, तर भोंगा देऊन टाकतो," तो म्हणाला.

इल्वाबाईंनी जुडीतलं सगळ्यांत कोवळ्या पानांचं रोप निवडलं आणि पाण्यावर सोडलं. भोंगा डोंगरावर आपटून परत आला. तेवढ्यापुरतं लसणाचं कुणी बोललं नाही.

धक्क्यावर उतरल्यावर लिव्हियानं खल खांद्यावर घेतला आणि आईकडे न बघताच विचारलं, "मग? पुढच्या बोटीनं परत?"

"छे. संध्याकाळी, ह्याच बोटीनं," इल्वाबाई म्हणाल्या. "आत्याकडून एक डबा मागून घे. त्या कप्तानाला चाखायला द्यायचंय. लसूण आज जरा जास्तच घालते."