भगवंतरावांचे अंगणी सायलेन्सर उतरविला त्याची हकीकत

श्रीगणेश प्रसन्न, श्रीविश्वकर्मा प्रसन्न; पाना, हातोडी व जॅक हीही यथाशक्ति प्रसन्न असोत. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ मासी रविवारी जो प्रसंग जाहला त्याची हकीकत येणेप्रमाणे. उजेडी घडले ते पाहून लिहिले, आणि गाडीखाली घडले ते उभयतांचे तोंडून ऐकून लिहिले; पदरचे काही घातले नाही, घातले असल्यास थोडके.

एक राज्य होते. लांबी चाळीस पावले, रुंदी पंचवीस, पश्चिमेस भिंत, पूर्वेस तारेचे कुंपण, मध्ये शेवगा, आणि शेवग्याखाली पंचवीस वर्षांची पांढरी मोटार. राज्याचे धनी राजश्री भगवंतराव, पाटबंधारे कचेरीतून सन्मानपूर्वक निवृत्त जाहलेले, मितभाषी, परंतु एकदा 'मी करतो' म्हणाले की मग ब्रह्मदेवाचेही न ऐकणारे. राणीसाहेब प्रमिलाबाई, माहेर कासाराचे, वय वर्षे एकसष्ट, यांनी आश्विनापासून मोटार हाकण्याचे मनावर घेतले आणि शिकल्याही उत्तम. परंतु मोटारीचा सायलेन्सर कुजून त्यास मूठ जाईल एवढे भोक पडले होते, आणि गाडी सुरू होताच शेवग्यावरचे कावळे दुसरे राज्यात जात. पौषात राणीसाहेब परवान्याचे परीक्षेस गेल्या, तेथील साहेबाने 'थांबा' म्हणोन आज्ञा केली, ती त्या गर्जनेत कानी आली नाही, आणि राणीसाहेब सरळ गेल्या त्या फाटकाबाहेर. नापास जाहल्या. आता फेरपरीक्षा सोमवारी, आणि कच्च्या परवान्याची मुदत बुधवारी सरणार. सोमवार हुकला तर अवघा खटाटोप मुळापासून पुन्हा. म्हणोन त्यांनी स्वतः बाजारी जाऊन नवा सायलेन्सर आणिला आणि गॅरेजवाल्यास बोलवावे ऐसे सुचविले, तो राव बोलिले, "घरच्या घरी होण्यासारखं काम आहे. त्याला माणूस कशाला?" मग विषय तेथेच खुंटला.

मग रविवारी दोन कप चहा घेऊन रावांची स्वारी निघाली, आणि गाडी जॅकवर चढविली, आणि खाली लाकडी ठोकळे देऊन हलवून खात्री केली, आणि मग गोणपाट अंथरून राव उताणे होऊन आत शिरले. पाहतात तो शत्रू इंजिनापासून शेपटापर्यंत पसरलेला, पुढे तीन नटांनी जखडलेला, मागे तीन रबरी कड्यांत लोंबलेला, आणि नट कोठे संपतो व गंज कोठे सुरू होतो याचा थांग नाही. मग नटांस तेल पाजिले, आणि अर्धी घटका वाट पाहिली, आणि पाना लाविला, तो निसटला, आणि रावांचे दोन बोटांची साले निघाली. ते समयी भिंतीपलीकडून शेजारचे गुरसळे, एसटीचे निवृत्त कंडक्टर, मसलत देऊ लागले की, "राव, नट तुमच्याकडं तोंड करून आहे का पाठ, ते आधी बघा. तुम्ही आवळताय." राव म्हणाले, "मला कळतं." आणि खरेच आवळीत होते, म्हणोन गुपचूप दिशा बदलिली. मग गुरसळ्यांनी भिंतीवरून हातभर पाइप दिला, तो पान्याचे दांड्यास जोडून राव बळ करिते जाहले.

ऐसे करता मध्यान्ह जाहला, आणि पहिला नट कुरकुरला, आणि दोन आटे मोकळा जाहला. पुढील मजकूर लिहिताना हात अडखळतो, परंतु लिहिल्यावाचून गती नाही. रावांनी तो सुटलेला नट बोटाने फिरवून पाहिला. मग त्यांनी पाना उलटा धरून तो नट पूर्ववत आवळून टाकिला, आणि आतूनच हाक दिली, "निघत नाही गं. गंज फार आहे."

राणीसाहेब पायरीवर बसून पावटे सोलीत होत्या. त्यांनी परडी बाजूस ठेविली, पदर खोचला, आणि दुसरे बाजूने गाडीखाली शिरून रावांचे शेजारी उताण्या निजल्या. म्हणाल्या, "एक सुटल्याचा आवाज आला मला." राव पाना पुसू लागले. "मग आवळल्याचापण आला." राव पुसलेला पाना पुन्हा पुसू लागले. "अहो, तुम्हाला हे निघावं असं वाटतंय की नाही?"

राव गाडीचे पोटाकडे पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "नाही वाटत. परवाना आला की तू चाललीस. बहिणीकडं, भिशीला, बाजारात. इतकी वर्षं 'अहो, गाडी काढता का' म्हणायचीस, आता कशाला म्हणशील? मी घरात बसून काय करू?"

राणीसाहेब हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गणपतीत तुमच्या छातीत कळ आली, तेव्हा गाडी इथंच उभी होती आणि किल्ली माझ्या हातात होती. गुरसळेभाऊजी गावाला गेलेले. मी रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होते. अठरा गाड्या गेल्या, अहो. एकोणिसावी थांबली. मला भिशीला जायला परवाना नकोय."

रावांचे डोळे भरून आले, आणि उताणे असल्याकारणे पाणी कानांत गेले. ते त्यांनी बाहीने पुसिले. मग राव म्हणाले, "पाइप इकडं दे."

त्याउपरि घोर युद्ध जाहले. पहिला नट पुन्हा सुटला, दुसरा पाइपास शरण आला, आणि तिसरा कटकन मोडला, तोही इष्टच, कारण नव्याबरोबर नवे नट-बोल्ट आले होते. परंतु लोखंड हरले तरी रबर हरेना. राव पकडीने कडी ओढीत, ती वीतभर ताणून पुन्हा जागी जाई, आणि रावांचे नाकी नऊ आले. मग राणीसाहेब म्हणाल्या, "दांडगाई करू नका. घट्ट बांगडी काय ओढून चढते?" आणि न्हाणीतून साबणाचे पाणी आणिले. त्या दहाव्या वर्षापासून वडिलांसंगे जत्रेत पालाखाली बसून बायकांचे हाती बांगड्या भरीत आलेल्या, त्यांनी कडीस फेस चोळिला, आंगठा घालून ती हलके फिरविली, आणि म्हणाल्या, "तुम्ही नुसता सायलेन्सर उचलून धरा. हात सैल सोडा. रात्री आमटी करू की उसळ?" राव विचारात पडले, हात सैल पडला, आणि कडी सरकून बाहेर आली. दुसरी उसळीवर निघाली, तिसरी भाकरीवर, आणि शत्रू धाडकन गोणपाटावर पडला. मग तिसरे प्रहरी नवा चढविला, आणि गाडी सुरू केली, तो भिंतीवरून गुरसळे विचारिते जाहले, "काय, होतीय का चालू?" ती चालूच होती.

सोमवारी राणीसाहेब परीक्षेचे मैदानात गेल्या आणि राव फाटकाबाहेर उभे राहिले. गाडी चालते की बंद पडली हे कानांस कळेना, म्हणोन टाचा उंचावून पाहू लागले, तो भिंत आड आली. दोन घटकांनी गाडी हलकेच फाटकाशी येऊन थांबली. राव सवयीने उजवे दारी गेले. राणीसाहेबांनी काच उतरवून सांगितले, "झाले पास. आणि अहो, तिकडून बसा." राव वळसा घालून डावीकडे बसले. "कुठं नेऊ?" ऐसे राणीसाहेबांनी पुसले. राव पुढे पाहत म्हणाले, "घरीच. पण लांबच्या रस्त्यानं ने."

येणेप्रमाणे शत्रू उतरला, परवाना हस्तगत जाहला, आणि लढाईत तीन नट, दोन बोटांची साले व मनातील एक भय इतके कामी आले. राणीसाहेब गाडी हाकतात, राव शेजारी बसून खड्डे दाखवितात. याउपर लिहिण्याजोगे काही घडले नाही, आणि न घडो.