चौदा मयत कोळंब्या

"मी हाय की, साहेब!" एवढं एक वाक्य त्या दिवशी मी गिळलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण गिळायच्या बाबतीत मी फक्त जेवणात तरबेज आहे.

गोष्ट २००८ सालची. मी गारगोटीला एका सरकारी कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीचा क्लार्क. घर मात्र कोल्हापुरात, राजारामपुरीत. म्हणजे रोज सकाळी सहाची एसटी आणि घरी परत येईपर्यंत दिवेलागण. आठ वर्षं हे चाललं होतं. त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा माझी कंबर नावानिशी ओळखत होती. कोल्हापूरला बदली मिळावी म्हणून केलेला माझा अर्ज सहा महिने साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. त्यावर साहेबांनी दोन ओळींची शिफारस लिहिली की काम फत्ते, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं.

तर साहेबांना तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी पुण्याला जायचं होतं. मूळचे ते नाशिककडचे. इकडं कोल्हापूरजवळ कळंब्याला एकटेच राहायचे. एकटे म्हणजे पंचवीस कोळंब्यांसकट. या खायच्या कोळंब्या नव्हेत. गोड्या पाण्यातल्या, शोभेच्या, लालभडक, नखाएवढ्या. दीड फुटाची काचेची पेटी, आत हिरवीगार झाडं, शेवाळ, आणि त्यातून लाल लुगडं नेसल्यासारख्या या बायका दिवसभर काहीतरी निवडत-टिपत फिरायच्या.

"माझ्यामागं यांना कोण सांभाळेल?" साहेबांनी स्टाफला विचारलं.

"आमच्यात मांजर हाय, साहेब," सयाजी म्हणाला.

"आमच्यात नातवंडं हायत," हंबीरराव म्हणाले, "मांजर परवडलं."

मला त्या क्षणी कोळंबी दिसलीच नाही. मला ड्रॉवर दिसला. आणि ते वर सांगितलेलं वाक्य तोंडातून गेलं.

रविवारी पेटी मांडीवर घेऊन मी रिक्षानं घरी आलो. सोबत साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला सूचनांचा कागद. पहिलंच कलम लाल शाईत: 'पाण्याला तांब्याचा स्पर्श होता कामा नये. तांबे म्हणजे यांना विष.' पुढं, नळाचं पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत दिवसभर ठेवून मगच घालावं, खाणं चिमटीभर, आठवड्याला पालकाचं एक पान उकडून द्यावं.

"मला कधी कुणी पालक उकडून दिला न्हाई," माझी बायको दीप्ती म्हणाली.

आई चष्मा लावून पेटीत डोकावली. "जितू, एवढ्यात कालवण कुनाचं हुतंय रं?"

"आई, ह्या खायच्या न्हाईत. बघायच्या हायत."

"झिंगा? आनि बघायचा?" आईनं दीप्तीकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू पोरगं लहानपणी पाळण्यातून पडलं होतं ते आज दिसतंय.

पण खरा घोळ तांब्याचा होता. आमच्या आईचा माहेराहून आलेला तांब्याचा हंडा आहे. रात्री त्यात पाणी भरायचं, सकाळी उठल्यावर तेच प्यायचं, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. मी साहेबांचा कागद वाचून दाखवला आणि त्या हंड्याची माळ्यावर बदली केली. (बदलीचे अधिकार मला आयुष्यात तेवढे एकदाच मिळाले.) आई काही बोलली नाही. आमची आई बोलली नाही की समजावं, पुढं बोलणार आहे.

चौथ्या दिवशी सकाळी शेवाळावर एक कोळंबी पांढरीफटक होऊन पडलेली. रंग गेलेला, हालचाल शून्य. आता मी मृत्यू नोंदणीतला माणूस. मयत ओळखायला मला डॉक्टर लागत नाही. पाठीची आणि मिशांची सरळ रेष बघितली आणि समजलो. चमच्यानं बाहेर काढली आणि काडेपेटीत ठेवली (पुराव्याशिवाय आम्ही नोंद घेत नाही).

संध्याकाळी साहेबांचा फोन. "काय कांबळे, कशा आहेत सगळ्या?"

"आई बरी हाय, साहेब. दीप्तीला जरा सर्दी—"

"कोळंब्या, कांबळे, कोळंब्या!"

"मजेत!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकलं.

फोन ठेवला आणि तसाच कृष्णातच्या मत्स्यालयाच्या दुकानात पळालो. त्याच्याकडं अगदी तशाच लाल कोळंब्या होत्या. एक घेतली. पेटीत सोडली. पंचवीसच्या पंचवीस. झोप लागली.

दोन दिवसांनी आणखी दोन मयत. मग एक. मग एकदम तीन. रोज एसटीतून उतरलो की आधी काडेपेटी, मग कृष्णात. पेटीतल्या मोजून बघाव्या, तर त्या शेवाळात शिरायच्या. जनगणनेचं काम केलेला माणूस मी, पण एकदा सोळा भरल्या आणि एकदा एकतीस. एकतीस भरल्या तेव्हा मी डोळ्यांचा नंबर वाढला असं समजलो.

कृष्णातला कारण सांगायची सोय नव्हती, कारण साहेबही त्याचंच गिऱ्हाईक. "हौस हाय," एवढंच सांगायचो. पाचव्या फेरीला त्यानं पिशवीला गाठ मारता मारता आवाज खाली आणला. "पावणं, रागाला येऊ नगा. तुम्ही खाताय का काय ह्या?"

दहावी मयत काढली त्या दिवशी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्याखाली हंडा! ओला! माळ्यावरून उतरलेला! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. (माझ्या डोक्यात प्रकाश पडला की घरात हमखास अंधार होतो.)

"आई! तू ह्या हंड्याचं पानी पेटीत घातलंस?"

आईच्या हातातली भाकरी तव्यावर न पडता ओट्यावर पडली. "काय म्हनलास?"

"दहा मेल्या, आई! माझी बदली गेली!"

"पंचशील घेतल्याली बाई हाय मी!" भिंतीवरच्या भगवान बुद्धांच्या फोटोकडं हात करून आई कडाडली. "रोज फोटोपुढं हात जोडून जीवहिंसा करनार न्हाय म्हनतो मी, आनि पोटचा पोरगा माझ्यावर खुनाचा आळ घेतोय? हंडा काढला मी. पानी पिलो बी मी. पर तुझ्या त्या झिंग्यास्नी थेंब दिला न्हाय!"

रविवारच्या मटणाचा विषय मी त्या क्षणी काढला नाही. मी मूर्ख असेन, पण वेडा नाही.

त्या दिवसापासून आईनं माझ्याशी बोलणं सोडलं. जे काय सांगायचं ते दीप्तीच्या मार्फत. "दीप्ती, त्या क्लार्कला म्हनावं भाकरी निवाली." "दीप्ती, तो क्लार्क छत्री इसरून चाललाय." ऐकायला गंमत वाटते, पण मला मनातून फार वाईट वाटत होतं. ज्या आईसाठी लवकर घरी यावं म्हणून बदली मागितली, तीच आता मी घरी आलो की तोंड फिरवत होती. आणि माफी मागावी तर मयत थांबत नव्हत्या. तेरावर आकडा गेला होता.

आई मात्र स्वस्थ बसणारी नव्हती. तिनं स्टूल ओढलं आणि पेटीसमोर ठाण मांडलं. "खुनी मीच धरून देतो," असं तिनं दीप्तीला जाहीर केलं. मी सकाळी जाताना ती तिथं, संध्याकाळी येताना तिथंच. लसूण तिथंच सोलायची, चहाही तिथंच.

साहेब सोमवारी येणार होते. आदल्या रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. चौदावी मयत नुकतीच काडेपेटीत गेली होती. तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, "दीप्तीऽऽ! बोलीव त्या क्लार्कला! घावला!"

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी धावलो. आईचं बोट काचेवर होतं. आत एक कोळंबी दोन ठिकाणी वाकली, आळोखेपिळोखे दिल्यासारखी थरथरली, आणि टणकन उडाली. उडाली ती स्वतःतूनच! लालचुटूक कोळंबी एकीकडं आणि मागं पाय, मिशा, शेपटी सगळं जागच्या जागी असलेलं पांढरंफटक पोकळ टरफल एकीकडं. अगदी माझ्या काडेपेटीतल्यासारखं.

"कात टाकतोय त्यो!" आई म्हणाली. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच ती माझ्याकडं बघून बोलत होती. "आमच्या वढ्यातला खेकडा बी अशीच टाकतोय. अंग वाढाय लागलं की जुनं झबलं बसतंय व्हय? मेला न्हाय रं, वाढतोय त्यो!"

दीप्तीनं शांतपणे साहेबांचा कागद उलटा केला आणि वाचला. "'अधूनमधून पांढरी कात दिसेल. हे वाढीचे लक्षण आहे. घाबरू नये, काढू नये. त्या ती खातात.' अहो, तुम्ही मागची बाजू वाचली न्हाई?"

आता काय सांगू? तोवरच्या नोकरीत मी कुठल्याही कागदाची मागची बाजू वाचलेली नव्हती. तिथं वाचण्यासारखं काही असतं, हेच मला त्या दिवशी कळलं.

"म्हणजे पंचवीसच्या पंचवीस जित्या," दीप्ती म्हणाली, "आणि वर तुम्ही आणलेल्या तेरा."

"आनि बारकी धरली न्हाईस," आई म्हणाली. "परवापासनं मुंगीएवढी पिल्लं फिरत्यात. मला कुनी इचारलं न्हाय म्हनून मी सांगितलं न्हाय."

मी सरळ मोरीत गेलो. चिंच घेऊन आईचा हंडा घासायला बसलो. गालावर साबण वाळत होता, डोळ्यांत पाणी येत होतं (साबणानं, असं मी दीप्तीला सांगितलं). "आई, चुकलं माझं," मी म्हणालो. आई दारात येऊन उभी राहिली, हंड्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बुडाला ऱ्हायलंय."

सोमवारी संध्याकाळी साहेब आले. पेटीसमोर वाकले ते पाच मिनिटं सरळच झाले नाहीत. "कांबळे! मी दोन वर्षं प्रयत्न करतोय, एक पिल्लू नाही. आणि तुम्ही तीन आठवड्यांत... या मोठ्याही किती वाढल्यात! हे कसं केलंत?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण पुन्हा ड्रॉवर दिसला.

"राजारामपुरीचं पाणी, साहेब," मी म्हणालो, "आणि थोडं प्रेम." आत आईला ठसका लागला.

साहेब भारावून गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या त्यांनी ड्रॉवर उघडला, माझा अर्ज काढला आणि त्यावर झरझर दोन ओळी लिहून माझ्या हातात दिला. मी वाचलं: 'सदर कर्मचारी अत्यंत कर्तव्यदक्ष असून या कार्यालयास त्यांची नितांत आवश्यकता आहे. सबब बदलीची विनंती नामंजूर करावी.'

आशेनं मी कागद उलटून मागची बाजूही बघितली. कोरी होती.

आता साहेबांच्या हुकमानं पेटी माझ्याच टेबलावर असते, गारगोटीला, मृत्यूच्या रजिस्टरशेजारी. रोज तीच सहाची एसटी. आई पहाटे उठून हंड्यातलं पाणी पिते, मला डबा देते आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात बजावते, "जितू, कुनी मयताची नोंद घेऊन आलं, तर लिवायच्या आधी जरा हालवून बघ बाबा. कात टाकली आसंल."