नाना थांबतात तिथे

देवपुरातले आमचे शेजारी नाना रस्त्याने नुसते चालत नाहीत, भांडत चालतात. थोडं गेले की एखाद्या गटारापाशी थांबतात, कमरेवर हात ठेवतात आणि नगरसेवकाच्या सात पिढ्या उद्धरतात. शेवटचं वाक्य ठरलेलं: "बठ्ठं सडेल शे." सगळं सडलंय. आम्ही मोर्च्यांची पत्रकं वाटणारी पोरं त्यांना गुरू मानायचो.

त्यांच्या धाकाने सफाईवाल्यांनी नेमकी त्यांच्या थांब्यांवरची गटारं लख्ख केली. नाना खूश व्हायच्या ऐवजी लालबुंद झाले. "कोणी सांगं साफ कराले? आते मी थांबू कोठे?"

तेव्हा कुठे कळलं, गटार हे नुसतं निमित्त होतं. चालताना पोटरीत गोळे येत होते. पायाची रक्तवाहिनी आत अरुंद झाली होती.

खासगी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "उद्याच स्टेंट टाकू, नाहीतर पाय जाईल." धोके विचारले तर हसला. माझं डोकं फिरलं. घाबरलेल्या माणसाला अर्धंच खरं सांगणं ही लूटच. मी नानांना उठवून सरकारी रुग्णालयात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी पाय नीट तपासला. "जखम नाही, बसल्यावर दुखत नाही, म्हणजे घाई नाही. जांघेतून तार घालून वाहिनी फुगवली तर चालणं सुधारेल. पण रक्तस्राव होऊ शकतो, तपासणीसाठी टोचलेल्या रंगाने किडनी दुखावू शकते, वाहिनी पुन्हा तुंबू शकते. क्वचित पाय आणखी बिघडतो. आधी बिडी सोडा, गोळ्या घ्या. दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. काही महिन्यांत फरक नाही पडला तर तार आहेच."

"तारवरी पांझरा नदीना पूल एक दममा व्हई का?"

"बहुतेक. खात्री नाही देत."

"मंग टाका."

मी भडकलो. "नाना, एका पुलासाठी पाय पणाला लावता?"

"पूलवर गटार नही रे," ते हळू म्हणाले. "पल्याड अक्का खिडकीमा बसस. मी थांबनू ते तिले समजी जाई."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. रोज दुपारचा चहा तिच्याकडे.

डॉक्टरबाईंनी त्यांना तारेसाठी काही महिने थांबायला कसंबसं राजी केलं. बिडी सुटली, राग दुप्पट झाला. परवा मी अक्कांकडे बसलो होतो. पुलाच्या मध्यावर नाना कठडा धरून उभे, दुसरा हात नाचवत कोरड्या पांझरेला झापत होते.

अक्का खिडकीतून हलल्या नाहीत.

"भांडस ना अजून? मंग बरा शे मना भाऊ."