माणिकमामांची सात मिनिटं

माणिकमामांच्या दुकानात ताडकळसमधला सगळ्यात मोठा आवाज भाड्याने मिळतो, आणि त्याच दुकानात कुणी मोठ्याने बोललेलं मामांना चालत नाही. लग्न असो, जत्रा असो, कुणी निवडून आलेलं असो, छाती हादरवणारे ते काळे खोके मामांच्याच गोदामातून निघतात. पण खोके ठरवायला आलेल्या माणसाने उंबऱ्यावरूनच "ओ मामा!" अशी हाक मारली, की मामा ओठांवर बोट ठेवतात. "खामोश. आत या, सावकाश बोला. हितं काय वरात हाय का?"

मी त्यांची शेजारीण. त्यांच्याच गोदामाच्या पुढच्या भागात माझं शिलाई मशीन आहे. नवरा वायरमन, त्याची बदली झाली म्हणून आम्ही कुडाळकडून एवढ्या लांब आलो. सातवीत शाळा सुटलेली मी, इथे ओळख ना पाळख. कुणी "काय करायलाव?" असं साधं विचारलं तरी आपलं काही चुकलं की काय, असं वाटायचं. पहिल्याच आठवड्यात मामा म्हणाले, "ताई, मशीन हितं मांडा. उजेड चांगला हाय." त्या उजेडात मी आजही बसते. आणि लाईट गेली की सगळं गाव माझ्याकडे बघतं. वायरमनची बायको ना!

आता मामांचं वेड सांगते. मामांनी पिक्चर पुष्कळ पाहिले, पण मानतात एकच, आणि त्यातलीही फक्त सुरुवातीची सात मिनिटं. पूर्वी रविवारी दुपारी टीव्हीवर निरनिराळ्या भाषांतले पिक्चर लागायचे, त्यातला तो. भाषा कोणती, असं विचारलं तर म्हणतात, "कोनाला म्हाईत? सुरुवातीला कोनी बोलतच न्हाई." नाव पडद्यावर आलं होतं, पण भलत्याच अक्षरांत.

नदीचा काठ. एक बाई उभी आहे. पलीकडून नाव येते. माणसं एकेक करून उतरतात, कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या खांद्यावर सायकल. बाई प्रत्येकाचं तोंड निरखते. सगळे निघून जातात. नावाडी तिच्याकडे बघतो, यायचंय का म्हणून. ती मान हलवते. नाव रिकामीच परत फिरते. गाणं नाही, शब्द नाही, नुसतं पाणी.

एवढंच. पण मामा सांगायला लागले की बरोबर सात मिनिटं लागतात. कोंबडीसुद्धा गाळत नाहीत. मध्येच कुणी "मग?" म्हटलं, की पुन्हा पहिल्यापासून. "सुरुवात वलांडायची न्हाई," हा त्यांचा कायदा, आणि तो सगळ्यांना लागू. मी ब्लाउजची बाही आधी शिवायला घेतली तरी मान वर करून म्हणतील, "ताई, वलांडलं तुमी."

एकदा पूर्णेचे एक गृहस्थ मुलाच्या लग्नासाठी खोके ठरवायला आले. मामांनी त्यांना बसवून नदीकाठी नेलं. त्या बिचाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग फुडं?"

"फुडं काय न्हाई."

"मंग ह्याला पिक्चर कशाला म्हनायलाव?"

मामांनी वही मिटली. "तुमच्या लग्नाला दुसरा डेक बगा."

"अहो, पर तारीख..."

"ज्याला रिकामी नाव दिसंना, त्याच्या दारात मपला खोका वाजनार न्हाई."

गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घालून मशीन चालवत राहिले. दुकान त्यांचं, उजेड त्यांचा, मी काय बोलणार?

मामांच्या बायकोला, कौसाबाईंना, जन्मापासून ऐकू येत नाही. त्या बोलतही नाहीत. तरी दुकानातली अर्धी कामं त्यांची. कोणत्या खोक्याचा पडदा फाटलाय, हे त्या नुसता तळवा टेकवून सांगतात, आणि मामा तोच खोका उघडतात. दोघांचं बोलणं सगळं हातांनी. भांडणं तर बघत बसावी अशी. हात असे फिरतात की मला शेजारी बसून वारा लागतो. हरायला लागले की मामा डोळे मिटून घेतात. मग कौसाबाई त्यांच्या पापण्या दोन बोटांनी उघडून आपलं वाक्य पूर्ण करतात.

परभणीत कॉलेजला असलेली एक मुलगी माझ्याकडे ब्लाउज शिवायला आली होती. मापं देता देता तिने मामांची सात मिनिटं ऐकली आणि म्हणाली, "हा तर मी बघितलाय!" पुढच्या खेपेला तिने पेन ड्राइव्ह आणून दिला. मामांनी लॅपटॉपवर नाव, नदी, कोंबडी, सगळं तपासलं. सात मिनिटं झाली तसं बंद केलं.

"पुढचा बघत नाही?" मी विचारलं.

"बास," म्हणाले.

आणि मग त्यांच्या डोक्यात ते आलं. हे सगळ्या गावाला दाखवायचं, एकदा तरी, कुणी काही न वलांडता.

महिला मंडळाचं हळदीकुंकू शाळेच्या सभागृहात होतं. अध्यक्ष शोभाकाकूंना त्यानंतर बायकांसाठी एक पिक्चर हवा होता. "चांगला रडायचा बगा मामा." मामा म्हणाले, पडदा माझा, खोके माझे, पिक्चर माझा, अट एकच, सुरुवातीपासून. काकूंना वाटलं, यात कसली अट?

आदल्या दिवशी मामा माझ्याकडे आले. "ताई, सायबाला सांगा, सात मिनिटं लाईट घालवू नका. नंतर आठवडाभर गेली तरी चालंल." मी नवऱ्याला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, "अगं, ते माझ्या हातात असतं तर..."

दुपारी खिडक्यांना मांडवाचं कापड लावून अंधार केला. शे-दीडशे बायका आल्या होत्या. कौसाबाई पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून. मामांनी बटण दाबलं. नदीचा काठ आला. बाई आली.

अर्ध्या मिनिटात मागून सुरू झालं. "आवाज! मामा, आवाज येईना!"

"अवो, खोका बिघडलाय ह्यांचा!"

ज्या माणसाचा खोका कुणाच्या मांडवात कधी बिघडला नाही, त्याला असं भर सभागृहात म्हणायचं! माझेच कान तापले. शोभाकाकू तरातरा पुढे आल्या. "मामा, बंद पडलाय तुमचा आवाज."

"चालू हाय. ऐका."

"काय ऐकू?"

"पानी."

"आमी काय पानी बगायला आलाव का? नळाला बगतोच की! फुडं ढकला जरा." आणि काकूंनी लॅपटॉपकडे हात नेला.

मामा मध्ये उभे राहिले. दोन्ही हात पसरून, टेबलाला पाठ लावून. "वलांडू देनार न्हाई."

"मामा, चेष्टा बास. पुढल्या सालचं एक काम भेटायचं न्हाई तुमाला."

"नका देऊ. सात मिनिटं झाली की मला गावाभाईर काडा. पन त्याच्याआधी हात लावला तर सगळ्या वायरी तोडीन, मंग बसा अंधारात."

मागे हशा, कुणी टाळ्या वाजवल्या, पोरं रडायला लागली. पडद्यावर माणसं उतरत होती आणि कुणाचंच लक्ष नव्हतं. मला वाटलं, संपलं.

त्या सगळ्या गलक्यात एकच बाई पिक्चर बघत होती. कौसाबाईंना मागचं काहीच ऐकू येत नव्हतं. त्या पडद्यावरच्या बाईबरोबर प्रत्येक माणसाचं तोंड निरखत होत्या. शेवटचा माणूस उतरून गेला तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला. शेजारची बाई बोलता बोलता थांबली, कौसाबाईंकडे बघितलं, मग पडद्याकडे. तिने पलीकडचीला कोपर मारलं. ती गप्प झाली. मग तिच्या मागची. असं करत करत शांतता मागच्या भिंतीपर्यंत गेली. शोभाकाकू उभ्याच होत्या. त्यांचा हात हळूच खाली आला.

सभागृहात पाणी ऐकू यायला लागलं.

नाव रिकामी फिरली. मागून कुणीतरी म्हणालं, "आगं बया, आलाच न्हाई की गं."

मग ती भलत्या अक्षरांची पाटी आली आणि माणसं बोलायला लागली. मामांचे खोके असे कडाडले की बायका दचकल्या. पडद्यावरचे ओठ हलताना बघून कौसाबाई शांतपणे उठल्या, साडी सारखी केली आणि दाराकडे निघाल्या. मामांनी माउस काकूंच्या हातात दिला. "घ्या. आता तुमचा पिक्चर." आणि तेही कौसाबाईंच्या मागे बाहेर पडले.

मी शेवटपर्यंत बसले. लाईट गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा खोके पुसत होते. मी धीर करून विचारलं, "मामा, तुम्ही कधीच पुढचा बघितला नाहीत?"

"न्हाई." ते पुसत राहिले. "लगीन नवं हुतं. टीव्ही आनला तवा ही समोर बसायचीच न्हाई. त्या रविवारी बसली. तिला वाटलं, टीव्ही बी तिच्यासारखाच हाय. सात मिनिटं आमी दोघं येकच पिक्चर बगत हुतो, ताई. तिला जेवढं कळलं तेवढंच मला. मंग ती मानसं बोलायला लागली. ही उठून भाकरी टाकाया गेली. म्या बटन बंद केलं."

"पुढे काय झालं असेल, असं वाटलं नाही?"

"वाटलं की. पन तिला सोडून म्होरं कसं जावं?"

मी म्हणाले, "सांगू? मी सगळा बघितलाय."

मामांनी फडकं खाली ठेवलं. आत जाऊन कौसाबाईंना हाताला धरून घेऊन आले, एका खोक्यावर बसवलं, शेजारी स्वतः बसले. दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी सुरुवात करायला तोंड उघडलं.

"तोंडानं न्हाई, ताई," मामा म्हणाले.

पिक्चर दोन तासांचा होता, माणसं पंधरा-वीस, आणि मला हात दोनच. मी कात्री खाली ठेवली आणि उभी राहिले.