कारभारी अण्णांचं एकोणतीस

थंडीत आमच्या मखमलाबादच्या मळ्यात माणसं तोंड धुवायलासुद्धा कढत पाणी घेतात. आमचे शेजारी कारभारी अण्णा मात्र चुलीवरून पाणी उतरवतात, त्यात गार पाणी ओततात, बादलीत एक काचेची नळी बुडवतात आणि चष्मा लावून बघत बसतात. नळी म्हणजे शोभेच्या माशांच्या काचपेटीत लावतात तो थर्मामीटर. आधी ताप बघायची आणली होती, पण ती कोमट पाण्याला हालायलाच तयार नाही. पारा एकोणतीसवर आला की अण्णा तांब्या उचलतात. मग त्यांचे दात वाजलेले मला माझ्या ओट्यावर ऐकू येतात.

"अण्णा, मरायचं का?"

"नाना, मालदीवला आज एकोणतीस हाय. लाट बारीक. पोहायला झकास!"

अण्णांनी समुद्र बघितलेला नाही. लांब गेले म्हणजे सटाण्याला, सोयरीक बघायला. पण मालदीवला समुद्राचं पाणी किती गरम, वारा कुठला, लाट केवढी, हे मोबाईलवर बघितल्याशिवाय त्यांना चहा जात नाही. बघून गप्प बसतील तर तेही नाही. फुलं घेऊन मार्केटला निघालेला टेम्पो अडवून सांगणार.

एकदा टेम्पोवाला वैतागला. "अण्णा, रोज एकोणतीस, नायतर तीस. बदलतच नाय, मग बघता कशाला?"

"तुझी बायको रोज बदलती का? तरी बघतोच ना?"

माझी बायको गेली. तिच्या दहाव्याला रामकुंडावर जो तो मला देवाचं सांगत होता. अण्णांनी वाकून पाण्यात हात घातला आणि म्हणाले, "नाना, लय गार हाय. सावकाश उतर." त्या दिवसांत माझ्याशी कामाचं कोणी बोललं असेल तर एवढंच.

आता कारण सांगतो. अण्णांचा मुलगा संदीप मालदीवला हॉटेलात स्वयंपाकी आहे. राहायचं एका बेटावर, काम दुसऱ्या बेटावर, रोजचं जाणं-येणं बोटीनं. आणि संदीपला पोहता येत नाही. अण्णांनी अख्ख्या मळ्यातली पोरं पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत शिकवली, अन् घरचंच पोरगं कोरडं. लहानपणी त्यालाही डबा बांधून काठावरून ढकललं होतं. दोरी सुटली. अण्णांनी लगेच उडी टाकून बाहेर काढला, पण त्यानंतर पोरगा विहिरीकडं फिरकला नाही. शेजारी म्हणतात अण्णा येडे झालेत. मी म्हणतो, बोट उलटली तर काय, हे ज्याच्या डोक्यात रोज उगवतं त्यानं शहाणं कसं राहायचं?

मध्यंतरी संदीपचा फोन आला. हॉटेलातला एक जण पोहायला शिकवतो म्हणतोय, शिकू का? अण्णांनी त्याच दिवशी नवा पत्र्याचा डबा आणला, त्याचं तोंड झाळून बंद केलं, दोरी ओवली आणि मला घेऊन कुरियरच्या दुकानात गेले.

काउंटरवरच्या पोरीनं डबा हालवून बघितला. "काका, यात काय आहे?"

"काय नाय."

"मग पाठवताय काय?"

"तेच. काय नसतं म्हणून तर माणूस तरंगतो."

पोरगी हसायला लागली. म्हणाली, "बंद डबा जाणार नाही काका. भोक पाडून आतलं दाखवावं लागेल."

"भोक पाडलं तर पोरगं बुडंल माझं!"

अण्णांनी डबा काखेत मारला आणि बाहेर पडले.

डब्यावाचूनच संदीपनं शिकायचं ठरवलं. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल आला. वहिनींना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, बघवेना, म्हणून अण्णा फोन घेऊन माझ्या ओट्यावर आले. माझ्याकडं आता अडवणारं कोणी नाही. फोनमध्ये निळं पाणी, त्यात छातीपर्यंत उभा संदीप, शेजारी शिकवणारा.

"अण्णा, पाय उचलू का?"

विहिरीवर अण्णा पोरांवर असे गरजायचे की झाडावरचे पक्षी उडायचे. मी कान झाकायच्या बेतात होतो. पण त्यांनी फोन तोंडाजवळ नेला आणि हळू म्हणाले, "पाणी बरं हाय. वारा नाय, मी बघितलंय. तुला वाटंल तवा उचल बाळा. नाय वाटलं तर निघ भाईर, कोन काय बोलत नाय."

संदीप बराच वेळ तसाच उभा राहिला. मग आडवा झाला. दोन-चार वेळा पाणी प्याला, हातपाय झाडले, आणि तरंगला. तिकडून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. फोन बंद झाला.

मी अण्णांकडं बघितलं. त्यांचा डावा हात समोर पसरलेला होता, तळवा वर. पोराला पाण्यात आडवं धरताना पोटाखाली देतात तसा.

मी म्हणालो, "अण्णा, तरंगला की तो. काढा आता हात."

"थांब नाना," अण्णा म्हणाले, "जरा राहू दे."